‘ट्रॉय औंस’मधले ट्रॉय कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याच्या भावाबद्दल आपल्या अंकात अलीकडेच आलेला लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र सोन्याचांदीच्या वजनाचे माप असलेल्या ‘ट्रॉय औंस’चे नाव लाकडी घोड्याच्या कथेतल्या ट्रॉय नगरीवरून पडले, असे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे नाव फ्रान्समधल्या त्र्वा शहराचे आहे. आमच्या घरात तीन पिढ्यांची सराफी आहे, म्हणून ही चूक तशीच राहू द्यावीशी वाटली नाही.

त्र्वा हे पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे 150 किलोमीटरवर, सीन नदीकाठी वसलेले, चँपेन प्रांताच्या काउंट (म्हणजे मोठे सरदार) घराण्याचे ठाणे. बाराव्या-तेराव्या शतकांत या घराण्याच्या मुलखात वर्षाला सहा मोठे बाजार भरत. त्यातले दोन खुद्द त्र्वात, एक उन्हाळ्यात आणि एक थंडीच्या तोंडावर. लोक त्यांना ‘गरम’ आणि ‘थंड’ बाजारच म्हणत. फ्लँडर्सचे (आजच्या बेल्जियमकडचे) लोकरी कापड इथे यायचे. इटालियन व्यापारी रेशीम आणि मसाले आणायचे, आणि त्यात अलेक्झांड्रियामार्गे पोचलेली आपल्या मलबारची मिरीसुद्धा असे. बाजाराचे शेवटचे दिवस फक्त देण्याघेण्याचा हिशेब चुकवण्यासाठी राखलेले असत.

एवढा माल तिथे का लोटत होता? काउंटने व्यापाऱ्यांना अभय दिले होते म्हणून. बाजाराला येता-जाता वाटेत लूट झाली, तर तो आपलाच अपमान समजून काउंट दाद मागे. कोणी उधारी बुडवून पळाला आणि त्याच्या गावाने न्याय दिला नाही, तर त्या गावच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना बाजार बंद होई. जिथे शब्द पाळला जातो तिथलेच वजन लोक खरे मानतात, हे आम्हा सराफांना वेगळे सांगायला नको.

त्र्वाचे नाव लागलेल्या या ट्रॉय वजनाचा आपल्या तोळ्याशीही संबंध आहे. 1833 मध्ये कंपनी सरकारने रुपया 180 ट्रॉय ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे बारीक माप) ठरवला आणि तोळाही तेवढाच. ट्रॉय औंस 480 ग्रेनचा. म्हणजे 8 तोळे बरोबर 3 ट्रॉय औंस, एक गुंजही इकडेतिकडे नाही. माझे वडील राणी छाप रुपया मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून गल्ल्यात ठेवत. कोणी वजनाबद्दल शंका काढली की एका पारड्यात तोळ्याचे माप, दुसऱ्यात तो रुपया. काटा मध्ये येऊन थांबला की गिऱ्हाईक निवांत होई. हाताळून झिजू नये म्हणून त्या रुपयाला ते आम्हा मुलांना बोटही लावू देत नसत.

चँपेनच्या काउंट घराण्यातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो काउंट आंरी (कारकीर्द 1152 ते 1181). सीनचे पाणी कालव्यांनी शहरात खेळवून गिरण्या आणि चामड्याचे धंदे उभे करण्याचे श्रेय त्यालाच देतात. लोक त्याला ‘दाता’ म्हणत. चँपेनच्याच एका सरदाराने लिहून ठेवलेली त्याची गोष्ट अशी: एका गरीब सरदाराने दोन मुलींच्या लग्नासाठी त्याच्याकडे मदत मागितली. सोबतचा धनाढ्य कारभारी आर्तो मध्येच म्हणाला, धन्यांनी इतके वाटले आहे की आता द्यायला काही उरलेच नाही. आंरी म्हणाला, खोटे आहे, तू उरला आहेस ना! आणि कारभारीच त्या सरदाराला देऊन टाकला. सरदाराने आर्तोला धरले ते 500 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मोजून घेतल्यावरच सोडले. दोन्ही मुलींची लग्ने झाली.

1284 मध्ये या घराण्याची वारस झान, वयाच्या अवघ्या 11 व्या वर्षी, फ्रान्सच्या युवराजाला दिली गेली. पुढच्याच वर्षी तो राजा झाला आणि चँपेन राजाच्या हाती गेले. याच सुमारास इटलीतल्या जिनोव्हाची जहाजे समुद्रमार्गे थेट फ्लँडर्सला जाऊ लागली, युद्धे आणि कर वाढले, आणि बाजार उठले.

2018 मध्ये मुलीकडे पॅरिसला गेलो असताना मुद्दाम त्र्वाला जाऊन आलो. तिथल्या कॅथेड्रलला एकच मनोरा आहे, दुसरा कधी उभाच राहिला नाही. याच कॅथेड्रलमध्ये 1420 च्या तहाने इंग्लंडचा राजा फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला होता. आत रंगीत काचांतून येणारा निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडला होता. आंरीचा वाडा मात्र आता नाही. त्याची समाधी ज्या चर्चमध्ये होती तेही नाही. चांदी आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूने मढवलेली ती समाधी राज्यक्रांतीच्या काळात मोडली गेली. ती समाधी घडवायला कारागिरांनी किती दिवस हातोडी चालवली असेल, हे मनात येऊन फार वाईट वाटले.

आपण दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि शक्य झाल्यास गावाचे नाव ‘ट्रॉयेस’ असे न छापता ‘त्र्वा’ असे छापावे. तिथे लोक तसेच म्हणतात.

आपला नम्र,
एक सराफ वाचक, जळगाव