टॉवेल झटकणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे. उजव्या कानाशी आणि मोठ्यानं वाच, असं तिला बजावून ठेवलंय. तुम्ही म्हणाल, "एवढं लिहायला काय झालंय ओ ताई?" झालंय अण्णा. रविवारच्या माझ्या ट्रायथलॉनला चार दिवस उलटले तरी भाकरी थापताना, ऑफिसात व्हाउचर तपासताना मधेच डोळे भरून येतात. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण विचारते, तर मी सांगते, पोहताना डोळ्यात पाणी गेलंय. चार दिवस कुणाच्या डोळ्यात तळ्याचं पाणी राहतं का?

समोर येऊन बोलले असते तर तुम्ही हात उडवून विषय बदलला असता. मागे पेढे आणले तेव्हाही तेच केलंत. अर्धे तळ्यावरच्या चहावाल्याला दिले आणि उरलेले "शुगर हाय" म्हणून परत माझ्याच पिशवीत टाकले. म्हणून चारचौघांत लिहितेय, म्हणजे पळून जायला जागा नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, एकामागून एक. आमची छोटी होती, म्हणजे 750 मीटर पोहायचं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळायचं. मधे ओले कपडे पिळत बसलात तरी घड्याळ थांबत नाही. हा खेळ 1974 साली अमेरिकेत सॅन दिएगोला सुरू झाला, 2000 साली सिडनीत ऑलिंपिकला पोचला आणि गेल्या जूनमध्ये आमच्या घरात शिरला. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. एक दिवस पुसायला काढली आणि पुसता पुसता होटगी रोडला एक चक्कर मारून आले. वय 44, गुडघे कुरकुरणारे, पोहणं म्हणजे लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं तेवढंच.

मग मी रीतसर बॅच लावली. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तीन महिन्यांची फी आगाऊ, एक टीशर्ट आणि रोज सकाळी ग्रुपवर जिद्दीवरचे सुविचार. सर मोठे हुशार. पोटऱ्या बघून माणूस किती वेगानं पळेल ते सांगायचे. माझ्या पोटऱ्या बघून त्यांनी काही सांगितलंच नाही. टँकवर मी शेवटच्या लेनमध्ये, आणि सर पहिल्या लेनच्या पोरांपाशी. हे मी चालवून घेतलं. राग आहे तो ऑक्टोबरमधल्या त्या रविवारचा.

त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा तळ्यावर नेलं. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून हात मारत राहिलं की माणूस सरळ जातो. तळ्यात कुठली रेघ? खाली बघितलं तर नुसतं हिरवं, स्वतःचा पंजासुद्धा दिसेना. शंभरेक मीटरवर मान वर काढली तेव्हा मी भलतीकडेच, बाभळींच्या दिशेनं चालले होते. तिथंच छातीत धडधड सुरू झाली. हात मारायचे म्हटलं तर श्वास येईना, श्वास घ्यायला गेलं तर पाणी तोंडात. काठाकडे बघितलं. काठावर कुणी नव्हतं. बॅच नाष्ट्याला गेली होती. गाड्यासुद्धा नव्हत्या.

तुम्ही होतात. तुम्ही दर रविवारी तिथं पोहता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पांढऱ्या मिशांचा एक माणूस, डोकं वर ठेवून, जुन्या लोकांसारखं हातभर हातभर पोहत माझ्याजवळ आला आणि दोन हातांवर थांबला. धरलं नाहीत तुम्ही मला. घाबरलेल्या माणसाला एकदम धरायला गेलं की तो आपल्यालाच खाली ओढतो, हे तुम्ही पुढे कधीतरी सांगितलंत. तेव्हा फक्त म्हणालात, "उताणं व्हा." मी झाले. आभाळ दिसलं, श्वास आला. मग तुम्ही म्हणालात, "पाणी काय करत नाही ओ ताई. आपणच पाण्याला काय तरी करालोय."

सरांनी संध्याकाळी मेसेज टाकला. "मॅडम, ओपन वॉटर तुमच्यासाठी नाही, पुढच्या वर्षी बघू." मी कुठे राहिले, कशी परत आले, एका शब्दानं विचारलं नाही. फी मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणाले नाहीत.

त्यानंतर चार महिने, गड्ड्याच्या यात्रेचा एक रविवार सोडला तर, तुम्ही आणि मी. मी पैशांचं विचारलं तर तुम्हाला ऐकूच आलं नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं हे खरं, पण त्या दिवशी जरा जास्तच कमी आलं.

वाचणाऱ्यांना सांगते, अण्णांची 38 वर्षं टॉवेलच्या कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटात कान गेले. पण पोहायचं मला त्यांनी मागावरूनच शिकवलं. माझे दोन्ही हात कायम ताठ असायचे. एका रविवारी त्यांनी काठावर बसून गळ्यातला टॉवेल माझ्या हातात दिला आणि त्याचे फासे, म्हणजे वर उठलेले धाग्यांचे वेढे, बोटानं उचलून दाखवले. टॉवेलला दोन बीम लागतात, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले दोन रूळ. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. सैल सोडलेल्या ताण्याचा फासा उभा राहतो आणि पाणी तोच टिपतो. दोन्ही घट्ट ठेवले तर त्याचं साधं कापड होतं, अंग पुसायला कामाचं नाही. "एक हात वढतोय तवा दुसरा सैल सोडा," म्हणाले. टँकवर तीन महिने जे व्हिडिओ दाखवून समजलं नव्हतं, ते टॉवेलच्या फाशात समजलं. सोलापुरात जन्म काढला, रोज टॉवेलनं अंग पुसलं, आपल्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून पाहुण्यांपुढे मिरवलं, आणि त्याचे फासे कसे उठतात ते वयाच्या 44व्या वर्षी कळलं. असो.

कारखान्यात आवाजामुळे तुम्ही लोक खुणेनंच बोलायचात. तीच सवय तळ्यावर आली. तुम्ही काठानं चालायचात, खांद्यावरचा लाल टॉवेल हातात घेऊन. दर सहा-सात हातांनंतर मी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे आणि टॉवेल शोधायचे. टॉवेल डावीकडे गेला की मी उजवीकडे भरकटलेली. सरळ वर धरला की वाट बरोबर. मी एकदा विचारलं, लालच का? तुम्ही म्हणालात, "उन्हाकडं तोंड असलं की लाल-पिवळं काय कळत नाही, ताई. हलतंय ते दिसतंय."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. खोटं कशाला सांगू?

आता रविवारचं. सायकलीचं आणि पळण्याचं फार लिहीत नाही. वारं समोरून होतं, आणि सायकलीवरून उतरून पळायला लागल्यावर पहिला किलोमीटरभर पाय दुसऱ्या कुणाचे तरी होते. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येण्याचे इतके पहाटेचे फेरे झाले होते की ते दोन्ही निभणार हे माहीत होतं. भीती होती ती पाण्याची.

जाताना ऊन पाठीशी होतं. वाट दाखवायला पाण्यावर सोडलेले नारंगी फुगे लख्ख दिसत होते. शेवटच्या फुग्याला वळसा घातला आणि सूर्य थेट तोंडावर आला. नुकता बांधावर चढलेला, पाण्यावर सांडलेला. गॉगलवर वाफ धरलेली. पुढचा फुगा कुठे, काठ कुठे, काही कळेना. सगळीकडे नुसता पितळी झगमगाट. पुढची दोन पोरं पंपहाउसकडे वाकडी निघालेली दिसली. मी थांबले. छातीत ती ऑक्टोबरची धडधड परत सुरू झाली आणि हात आखडले.

उताणी झाले. दहापर्यंत मोजलं. परत पालथी होऊन डोळे वर काढले. आणि त्या झगमगाटात एक बारीक काळा ठिपका वरखाली हलत होता. रंग नव्हता त्याला. नुसता हलत होता. वर, खाली. थोडा थांबायचा, परत वर, खाली.

अण्णा, मी तुम्हाला तारीख सांगितली नव्हती. जमलं नाही तर तुमच्यापुढे तोंड दाखवायला नको म्हणून मुद्दाम सांगितली नव्हती. चहावाल्याकडून तुम्हाला कळलं, अशोक चौकातून पहाटे साडेचारला दुधाच्या टेम्पोत बसून आलात, हे सगळं मला नंतर कळलं. पाण्यात असताना एवढंच कळलं की तो टॉवेल आहे, आणि टॉवेलच्या मागे कोण आहे. परतीच्या त्या वाटेवर मी दर सहा हातांनी डोळे वर काढले आणि दर वेळी तो हलत होता. पाण्यात मला एकूण 24 मिनिटं लागली. त्यातली बारा-तेरा मिनिटं तुम्ही टॉवेल झटकत होतात. तुमचा उजवा खांदा कुठपर्यंत वर जातो ते मला माहीत आहे. शर्ट घालताना तुमचा चेहरा कसा होतो तेही मी बघितलंय.

यात बाहेरच्याची मदत घेतल्यासारखं होतं का, असं एका स्वयंसेवक पोरानं तुम्हाला म्हणे विचारलं. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते त्यानंच मला हसत हसत सांगितलं. "टॉवेल वाळवालोय." तो बिचारा गप्प. ज्यांना यात अन्याय वाटतो त्यांना सांगते, माझ्या मागून आणखी चौघं त्याच टॉवेलच्या दिशेनं आले, आणि त्यातले दोघं सायकलीवर मला मागे टाकून गेले.

एकूण दोन तासांना दोन मिनिटं कमी. शेवटून तिसरी. माझ्यामागे दोघं होते आणि त्यातला एक आमच्या सरांच्या पहिल्या लेनचा, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहून गेले. सर शेवटच्या रेघेपाशी मोबाइल घेऊन उभे होते. "मॅडम, आपल्या बॅचचं नाव काढलंत!" म्हणत फोटोला शेजारी उभे राहिले. मी फोटो काढू दिला. माझं तोंड त्यात कसं आलंय ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

या नऊ महिन्यांत एक मात्र झालं. पूर्वी मी म्हणायचे, हल्ली कुणाला कुणाचं पडलेलं नाही. डिसेंबरात पहाटे पाचला रोडवर मागचं चाक पंक्चर झालं. अंधार, कुत्री, आणि ट्यूब बदलायला मी एकटी. मागून उसाचे दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर आला. गाण्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. मी घाबरून बाजूला झाले. त्या पोरानं गाणं बंद केलं, ट्रॅक्टर माझ्या मागे तिरका उभा केला आणि हेडलाइट चाकावर पडेल असा चालू ठेवला. खाली उतरला नाही, एक शब्द बोलला नाही. हवा भरून झाली तसा गाणं लावून निघून गेला. मी त्याचा चेहरासुद्धा पाहिला नाही. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत, अजूनही घालते, कारण ट्रेलरला मागे रिफ्लेक्टर लावत नाहीत. पण आता शिवी घालताना एकाला वगळते.

तुमच्याबद्दल मला असंच काहीतरी लिहायचं होतं, मोठं, चांगलं. जमत नाही. मला फक्त तो ठिपका दिसतो, वरखाली होणारा.

पळून आल्यावर तुम्ही तोच टॉवेल माझ्या खांद्यावर टाकलात आणि टेम्पो निघाला म्हणून घाईनं गेलात. टॉवेल माझ्याकडेच राहिलाय. धुतलाय, गच्चीवर वाळवलाय, एका टोकाचे फासे निघालेत तिथं दोन टाके घातलेत. रविवारी सहाला आणते. खांद्याला लावायचा मलम पण आणते, आणि तेव्हा मात्र ऐकू येत नाही असं करायचं नाही.

तुमची,
ताई
सोलापूर