नोकरी सोड म्हणता, म्हणून हे पत्र

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बिबडे पोचले. आईने फोनवर परत तेच विचारलं, "नोकरीत एवढा ताप आहे तर ती सोडून का देत नाहीस?" फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

पोरांच्या आजारपणाने मी थकते असं तुम्हाला वाटतं. आश्रमशाळेच्या नर्सला खरं खातं ते हे, की जबाबदारी तिची आणि निर्णय दुसऱ्याचा.

सिकलसेलचंच बघा, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मुलांत तो बराच आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल 'एसएस', एकाकडूनच आला तर 'एएस', त्याला सहसा त्रास नसतो. एसएस मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, एवढं पुरतं. हातपाय, कंबर असह्य दुखायला लागते. तोरणमाळच्या बाजूला पौषात गार पाण्याची अंघोळ म्हणजे या मुलांना दुखण्याचं आवतणच. अशा रात्री पांघरूण, दुखऱ्या जागी कोमट शेक (बर्फ मुळीच नाही), घोट घोट पाणी आणि वजन करून पॅरासिटामॉल, किलोला 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला 300. इथवर नर्सच्या हातात. पण ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, खालची पापणी आतून एकाएकी पांढरी पडली किंवा डाव्या बरगडीखाली पोट टणक लागलं, तर सकाळची वाट बघायची नसते. नेमकं तेव्हाच गाडी कोण सांगणार, सोबत कोण जाणार, सही कोणाची, यात तास जातो. झोप उडते ती त्या तासाने.

त्याचा उपाय जूनमध्येच करायचा असतो. शाळा भरली की एसएस मुलांची यादी, पालकांचे आणि गावच्या आशाताईंचे नंबर, वरची लक्षणं, आणि खाली एक ओळ: 'नर्सने थेट 108 ला फोन करावा, कळवणे नंतर.' त्यावर मुख्याध्यापकांची सही. एक प्रत औषधांच्या कपाटाला आतून चिकटवायची, एक अधीक्षकांकडे. हा कागद असला की अर्धं ओझं उतरतं.

आठवड्याच्या लोहगोळीचंही तसंच. लहानांना गुलाबी, 10 वर्षांपुढे निळी. रजिस्टर लवकर भरावं म्हणून परिपाठालाच वाटली तर उपाशीपोटी मळमळतं. एक ओकला की रांगच ओकते आणि गावात विषबाधेची आवई उठते. बोल नर्सला. म्हणून जेवणानंतरच द्यायची. एसएस मुलांना मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोह नाही, त्यांना फॉलिक ॲसिड.

खरजेत मेहनत सगळ्यात जास्त वाया जाते. परमेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून तळव्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली रात्री लावायचं, सकाळी अंघोळ, आठवड्याने परत. खाजवणाऱ्यालाच लावलं तर शेजारच्या अंथरुणावरून ती परत येते. खोलीत 40 मुलं असतील तर त्याच रात्री 40 जणांना लावायचं आणि सकाळी चादरी उकळायच्या. मलमाची मागणी खाजणाऱ्यांच्या आकड्यावर गेली की हिशोब चुकतो. मागणी खोलीच्या पटावर लिहायची.

आणि समाधान? जूनमध्ये दुखलं तरी तोंडावर गोधडी ओढून पडणारं पोर डिसेंबरात न सांगता पाण्याची बाटली भरून वर्गात नेतं. दुखायला लागलं की स्वतः दाराशी येऊन उभं राहतं, "सिस्टर, पाय दुखतोय." ते पहाटे निमूट कण्हायचं थांबलं, याहून मोठं काम या नोकरीत नाही. हे सोडून यायचं मन होत नाही, बाबा.

रात्री आठ ते साडेनऊ मुलांना औषधं द्यायची वेळ. तेव्हा फोन उचलला नाही तर घाबरू नका. साडेनऊनंतर मीच करेन. आईने बीपीची गोळी घेतली का, ते तेव्हा विचारणार आहे.

तुमची,
ताई