घरच्या ताटासाठी अर्धा एकर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दर दोन वर्षांनी वावर बदलणाऱ्या माणसांच्या घरात वर्षभराचे धान्य राहते तरी कसे, असे तुम्ही फोनवर विचारले होते. उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून नागालँडमधून हे पत्र लिहीत आहे.

डोंगरउतारावरचे रान तोडायचे, वाळल्यावर जाळायचे, राखेत पेरायचे, दोनेक हंगाम पीक घ्यायचे आणि रान पुन्हा माजेपर्यंत जमीन पडीक ठेवायची, ही इथली झूम शेती. कोहिमाजवळच्या खोनोमा गावी पाहिलेल्या एका वावरात भाताच्या धाटांमध्ये मका, राळा, घेवडा, काकडी, भोपळा, मिरची आणि अळकुड्या एकत्र वाढत होत्या. मध्ये आल्डरची छाटलेली झाडे राखली होती. आपल्या भुईमुगाप्रमाणे त्यांच्याही मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात. काकडी-मका आधी हाती येतो, भात मागाहून, अळकुड्या थंडीत खणतात. त्यामुळे सुगीपूर्वीचे ओढीचे दिवस निभतात.

तरीही या घरांत सुबत्ता आहे असे मी म्हणणार नाही. पडीक ठेवण्याची वर्षे घटल्यामुळे अनेक ठिकाणी जमिनीचा कस भरून येत नाही, तण माजते आणि तांदूळ पुढच्या सुगीपर्यंत पुरत नाही. पायऱ्यांच्या खाचरांत भात लावणाऱ्या घरांना तांदळाची चिंता कमी, पण खाचरात पीक एकच. म्हणूनच खाचर असूनही झूमचा तुकडा न सोडणारी घरे मला फार शहाणी वाटतात.

आपल्या वाळव्याच्या रानात मात्र कृष्णेचे पाणी आणि काळी जमीन असूनही बांधापासून बांधापर्यंत ऊसच आहे. आडसाली लागण दीड वर्ष रान अडवते, बिल हप्त्यांनी येते, आणि तोवर जोंधळ्यापासून तुरीच्या डाळीपर्यंत सारे आपण विकत आणतो. आई, पाटणच्या डोंगरात तुझ्या माहेरी पैसा कमी असेल, पण नाचणी, वरी आणि हुलगा अजून घरचा असतो.

बाबा, विहिरीकडच्या अर्ध्या एकरातला खोडवा निघाला की तिथे पुन्हा ऊस लावू नका. खरिपात मूग-चवळी, बांधाला तूर आणि अंबाडी, रब्बीत शाळू आणि त्यात करडईच्या ओळी, एवढे त्यात सहज बसेल. उसाच्या बिलात जी तूट येईल ती मी भरीन. आई, मामांकडे हुलग्याचे घरचे बी असेल, तेही मृगाआधी मागवून ठेव.

तुमची लेक