परदेशात घर घेताना किचनचं आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरची बरीच पोरं आता नोकरीसाठी बायको-मुलांना घेऊन जर्मनीला चाललीत, पण इथं सगळी चौकशी व्हिसा अन् तिकिटाची, घराचं कोणी बोलतच नाही. माझी मुलगी, जावई अन् नात स्टुटगार्टला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले तर किचनमध्ये नुसता पाण्याचा पाइप अन् भिंतीतून आलेल्या वायरी, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. तिथं बऱ्याच घरांत असंच असतं म्हणे, आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन काढून नेतो नाहीतर नव्याला विकतो. लेकरानं सुरुवातीचे दिवस कडक भाकरी, शेंगा चटणी अन् दह्यावर काढले, बॅगेत दिली होती म्हणून बरं, नाहीतर माझा जीव इथं तुटला असता.

डिपॉझिटचंही समजून घ्या. हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या ३ महिन्यांपेक्षा जास्त कायद्यानं घेता येत नाही, अन् ते ३ हप्त्यांत भरता येतं. राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो चावीसोबतच मागून घ्या, कारण ती नोंदणी झाल्याशिवाय टॅक्स नंबर येत नाही अन् बँकेचंही बऱ्याचदा अडतं. आणि घर न बघताच पैसे पाठवा म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

तिकडं राहणाऱ्या सोलापूरकरांकडून अशी माहिती लिहून घेऊन आपण छापावी, इथले आई-बाप नक्की वाचतील.

– एक आजी, जुळे सोलापूर