तिकडे बावीस सीटा रिकाम्या गेल्या

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
राज्यमंत्री, नागरी हवाई वाहतूक

नमस्कार.

मी नागपूरची, मनीष नगरात राहते, शाळेत शिकवते आणि माझा नवरा पायलट आहे, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारा सहवैमानिक. आता पायलट म्हटलं की लोकांना गॉगल, टोपी न् जाडजूड पगारच दिसतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना तर वाटतं की हा मुंबईला जातो तेव्हा विमान स्वतःच हाकत नेतो. तसं नसतं हो. त्याचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण, मुंबई आणि घर नागपूर, म्हणजे नागपूर ते मुंबई हा त्याचा घर ते ऑफिस रस्ता झाला, कुणी डोंबिवलीहून लोकलने जातं, हा विमानाने जातो, एवढंच. आणि घर ते ऑफिस रस्ता कसा पार करायचा ते ज्याचं त्याने बघायचं असतं.

दिल्लीच्या मोठ्या साहेबांनाही लिहिता आलं असतं, पण तुम्ही पुण्याचे, मराठी वाचता, म्हणून घरून बेसला जायच्या या प्रवासाबद्दल तुम्हालाच लिहून राहिले.

एका संध्याकाळचं सांगते. दिवाळीच्या अलीकडचा आठवडा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत रिपोर्टिंग होतं, त्यामुळे याने ठरवलं की आदल्या संध्याकाळच्याच फ्लाइटने जायचं, रात्री तिकडे झोपायचं. त्याच्या कंपनीच्या फ्लाइटवर स्टाफ तिकीट होतं, सबलो. सबलो म्हणजे सीट उरली तर तुमची, नाही उरली तर रामराम. हा काउंटरच्या बाजूला, लाइनीत नाही आणि लाइनीबाहेरही नाही असा उभा. मी आणि मुलगी बाहेर गाडीत, कारण परत न्यावं लागेल की नाही ते माहीत नसतं म्हणून मी लगेच निघत नाही, पार्किंगचे पैसे गेले तरी चालतात. काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना लग्नाला निघालेले सहा जण धावत आले आणि विषय संपला. ‘सर, सॉरी, फुल.’ त्या पोरीचाही दोष नाही, तिकीट काढून आलेला माणूस आधी, हे बरोबरच आहे.

आता पुढचं ऐका. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीचं विमान मुंबईलाच निघून राहिलं होतं आणि ते उडवणारा याचा ट्रेनिंगमधला बॅचमेट, एका खोलीत राहिलेले दोघं. त्याने मेसेज केला, भाऊ, माझ्याकडे बावीस सीटा रिकाम्या आहेत. बावीस! पण कंपनी वेगळी, म्हणून तो देऊ शकत नाही आणि हा मागू शकत नाही. रिकामी सीट मुंबईला गेली, माणूस नागपुरात राहिला. मग विमानतळावरून वर्धा रोडने स्टेशन गाठायचं, ८:४० च्या दुरांतोत टीसीच्या हातापाया पडायचं, तेही जमलं नाही. शेवटी समृद्धीवरून जाणारी स्लीपर ट्रॅव्हल्स. रात्रभर. सहा फुटी माणूस साडेपाच फुटी बर्थमध्ये, वरच्या मजल्यावर, पडद्यामागे, वर एसीचं पाणी टपकून राहिलं. सकाळी उतरला तेव्हा अंग नुसतं ठेचल्यासारखं.

त्या दिवशी चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं होती. त्याने मुंबईतल्या खोलीवर दोन तास पडून बघितलं आणि मग फोन करून सांगितलं की मी आज फिट नाही, थकलोय. कायद्याने त्याला तसं सांगता येतं आणि सांगायलाच पाहिजे, त्याबद्दल मला त्याचा अभिमानच आहे. पलीकडून प्रश्न काय आला? ‘पण काल रात्री तर तुम्ही रेस्टवर होता ना?’

साहेब, माझं सगळं पत्र या एका वाक्यासाठी आहे.

कागदावर तो रेस्टवरच होता. नियम मी वाचलेत, नवरा पायलट असला की बायकोला एफडीटीएल, म्हणजे ड्युटीच्या तासांच्या मर्यादेचे नियम, हा शब्द कुकरच्या शिट्टीसारखा पाठ होतो. दोन ड्युट्यांच्या मध्ये किमान बारा तास विश्रांती, किंवा आधीची ड्युटी त्याहून मोठी असेल तर तेवढी. कंपनीने स्वतःच्या कामासाठी एखाद्या पायलटला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं तर तो वेळ ड्युटीत धरतात, त्याला पोझिशनिंग म्हणतात. पण घरून बेसला येणं यात नाही. ते तुमचं तुम्ही. म्हणजे तोच माणूस, तेच विमान, तीच सीट, एका दिवशी ती ड्युटी आणि दुसऱ्या दिवशी आराम. ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थमधली रात्रही आराम!

आठवड्याच्या सुट्टीचा हिशोबही ऐकून घ्या. २०२४ च्या जानेवारीत डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, नवे नियम काढले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, नियमातली रात्र पहाटे पाचला संपायची ती सहापर्यंत वाढवली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. ते लागू व्हायला कोर्टात जावं लागलं, मग २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत आले. चांगले नियम आहेत, खरंच, आमच्या घरात त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं. पण आमचे ४८ तास कसे जातात बघा. शुक्रवारी रात्री साडेअकराला मुंबईत ड्युटी संपली. रात्री काही नाही, म्हणून मरोळच्या खोलीवर. शनिवारी पहाटेच्या फ्लाइटमध्ये सीट मिळाली तर साडेनऊला घरी. सोमवारी पहाटे ४:५० ला रिपोर्टिंग, म्हणून रविवारी संध्याकाळी पाचला परत बॅग उचलायची. कंपनीच्या वहीत सुट्टी त्रेपन्न तासांची, नियमापेक्षा पाच जास्तच. घरात नवरा साडेएकतीस तास. त्यातले आठ-नऊ तास तो नुसता झोपलेला, आणि मुलगी त्याच्या उशाशी बसून ड्रॉइंग काढत असते, बाबा उठला की दाखवायला.

मरोळची खोली म्हणजे पायलट लोकांच्या भाषेत क्रॅश पॅड. नाव ऐकून मी पहिल्यांदा घाबरले होते, मग कळलं की कॉटवर येऊन कोसळायची जागा म्हणून क्रॅश. दोन खोल्या, सहा जण, चार कॉट, कारण सहाच्या सहा एका वेळी कधी नसतात असा हिशोब. प्रत्येकाची चादर आणि उशीचा अभ्रा वेगळा, मार्करने नाव लिहिलेला, दुसरा आला की पहिल्याची चादर गुंडाळून कपाटात. खिडकीला काळा चार्टपेपर चिकटवलाय, दिवसा झोपता यावं म्हणून. सहापैकी नागपूरचा हा एकटाच, बाकीचे इंदूर, लखनौ असे गावोगावचे.

मग मुंबईलाच का राहत नाही, असं सगळेच विचारतात. सासूबाईंचं आठवड्याला दोनदा डायलिसिस असतं, माझी नोकरी इथली, फ्लॅटचा हप्ता चालू. आणि समजा गेलो मुंबईला आणि कंपनीने बेस बदलून दिल्ली केला, तर? असं झालंय आमच्या ओळखीत, मुलांची अॅडमिशन होऊन महिना झाला होता.

आणि हो, तिकीट का काढत नाही? काढतो ना. महिन्यातून निम्म्या वेळा काढतोच. पण रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक बदलतं, आदल्या रात्री बदलतं, मग काढलेलं तिकीट पाण्यात आणि नवीन तिकीट चौपट. २०२५ च्या डिसेंबरात फ्लाइटी रद्द होण्याचा तो गोंधळ झाला, ऐन इथल्या अधिवेशनाच्या तोंडावर, तेव्हा तुमच्याच मंत्रालयाला ५०० ते १००० किलोमीटरच्या तिकिटाला १२,००० रुपयांची मर्यादा घालावी लागली होती. नागपूर-मुंबई त्यातच येतं. एका बाजूच्या कामावर जायला बारा हजार, तेही मर्यादा घातल्यावर. आणि आपल्या नागपूरच्या रनवेचं रिकार्पेटिंग चाललं होतं तेव्हा तर भर दिवसा धावपट्टीच बंद, सगळी फ्लाइटं सकाळ-संध्याकाळवर ढकललेली, ते दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत.

अमेरिकेत यावर एक जुनी रीत आहे. कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, जंप सीट. ड्युटीवर नसलेला दुसऱ्या कंपनीचा पायलट तिथे बसून फुकट जाऊ शकतो, कंपन्यांचे आपसात करार असतात, आज तुझा माझ्याकडे, उद्या माझा तुझ्याकडे. मागे केबिनमध्ये सीट रिकामी असेल तर तिथे बसवतात. तो माणूस खरंच त्या कंपनीत नोकरीला आहे का, हे काउंटरवर कॉम्प्युटरवर तपासतात आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा, त्याला जाऊन विचारायचं की येऊ का. शेजाऱ्याकडे साखर मागायला जावं तसं. मला हे भारी आवडलं.

पण सगळं गोडगोड नाही, तेही सांगते, नाहीतर तुमचे अधिकारी सांगतीलच. २२ ऑक्टोबर २०२३ ला तिकडे जंप सीटवर बसलेल्या एका सुट्टीवरच्या पायलटने उडत्या विमानाची इंजिनं बंद करायचा प्रयत्न केला, दोघा पायलटांनी त्याला आवरलं म्हणून निभावलं. त्यामुळे कॉकपिटची खुर्ची मी मागतच नाहीये. आपल्याकडे कॉकपिटचं दार कडक आहे, ओळखीच्या बाईला आत बसवलं म्हणून २०२३ मध्ये एका कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, आणि ते बरोबरच झालं. माझं म्हणणं मागच्या केबिनच्या सीटचं आहे, जिथे कुणीही तिकीट काढून बसतं, सगळ्यांसारखी सीआयएसएफची तपासणी करून.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे आणि ती सांगून मी माझ्याच विरुद्ध पुरावा देऊन राहिले. १२ फेब्रुवारी २००९, बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, जमिनीवरचा एक धरून पन्नास माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर घरून, म्हणजे सिअॅटलहून, मालवाहू विमानांत बसून रात्रभर प्रवास करत मेम्फिसमार्गे नेवार्कला कामावर आली होती, अख्खा देश ओलांडून. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या प्रतिसादाचा निघाला, थकव्याचा वाटा नेमका किती ते ठरवता आलं नाही, पण दोघं थकलेले असणार हे मान्य केलं गेलं. म्हणजे फुकट सीट मिळाली की प्रश्न सुटतो असं नाही. सीट मिळते म्हणून माणूस आणखी लांबून, आणखी उशिरा निघू शकतो. म्हणून नुसती सीट नको, त्या प्रवासाची नोंदही पाहिजे.

आणि आपल्याच नागपूरच्या विमानतळावर ऑगस्ट २०२३ मध्ये एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला, ते तुम्हाला आठवत असेल. कारण हृदयाचं होतं, त्याला पुरेशी विश्रांती मिळाली होती असं तेव्हा सांगितलं गेलं, मी त्याचा संबंध कशाशी जोडत नाही, तो मला हक्कही नाही. पण त्या दिवसापासून सासूबाई माझा नवरा निघाला की दारात येऊन त्याचा चेहरा बघतात. नुसतं बघतात, बोलत काही नाहीत.

तर मागणं काय. एक, देशातल्या सगळ्या कंपन्यांना मिळून एकच पद्धत लावा की दार बंद व्हायच्या आधी केबिनमध्ये सीट उरली असेल तर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला आणि केबिन क्रूलाही (त्या पोरींचे हाल तर याहून जास्त, पगार कमी) ती द्यायची, ओळखपत्र आणि नोकरीची खात्री करून, वाटलं तर विमानतळाचे चार्जेस घ्या. आज कुणाचा कुणाशी करार आहे, कुणाचा नाही, ज्याच्या ओळखी त्याची सीट. दोन, बेसला येण्याचा प्रवास रोस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायला एक रकाना द्या. ड्युटी म्हणून पैसे नका देऊ, नुसती नोंद. युरोपात घर ते बेस नेहमीचा प्रवास दीड तासापेक्षा जास्त असेल तर पायलटने बेसजवळ तात्पुरत्या राहण्याची सोय करावी, असं मार्गदर्शन तरी लिहून ठेवलंय, म्हणजे हा प्रवास अस्तित्वात आहे हे त्यांनी मान्य केलंय. आपल्याकडे रात्रभर बसमध्ये बसलेला माणूस आणि रात्रभर घरी झोपलेला माणूस रोस्टरला सारखेच दिसतात. आणि तीन, हे सगळं झाल्यावर कंपन्या म्हणतील की आता सीटा मिळतात ना, मग छोट्या गावांचे बेस कशाला पाहिजेत. त्यांना तसं म्हणू देऊ नका. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे, आणि तुमच्यासारख्या कुस्ती खेळलेल्या माणसाला पकड कुठे सुटते ते मी काय सांगणार.

सासऱ्यांचं लहानपण सोनेगावातलं. ते सांगतात की रात्री एकामागून एक विमानं उतरल्याचा आवाज यायचा. रात्रीची हवाई डाक, १९४९ ला सुरू झालेली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आली तशी परत फिरायची. बाबा म्हणतात, पहाटे परत आवाज यायचा, तेव्हा आई म्हणायची, चला, गेले बाप्पा घरी.

तुमच्या ऑफिसातून कुणाला या विषयावर बोलायचं असेल तर शाळा साडेबाराला सुटते, त्यानंतर मी मोकळी असते. नवऱ्याला फोन करू नका, त्याला यातलं काही माहीत नाही आणि या आठवड्यात तो पहाटेच्या ड्युटीवर आहे, दुपारी झोपलेला असतो.

आपली,
एका फर्स्ट ऑफिसरची बायको
मनीष नगर, नागपूर