जामीनदाराच्या सहीआधी

दुबई, रविवार

ती. ताई आणि भाऊजी,
सा. न. वि. वि.

भाचेबुवांची वैमानिकाच्या नोकरीची दोन्ही ऑफर लेटरं वाचली, मोठ्या कंपनीचं आणि छोट्या कंपनीचं. भाऊजींनी पगाराच्या आकड्यांभोवती लाल पेनने गोल केलेत. खरं तर गोल करायचा तो जॉइनिंगच्या तारखेभोवती.

वैमानिकाची सीनिऑरिटी म्हणजे त्या तारखेमुळे यादीत मिळालेला नंबर. कॅप्टन आधी कोण होणार, कुठला बेस, म्हणजे ड्युटी सुरू होण्याचं शहर, मिळणार, मोठ्या विमानावर कोण जाणार, मंदी आली की पहिल्यांदा घरी कोण बसणार, हे बहुतेक मोठ्या कंपन्यांत त्यावरच ठरतं. अमेरिकेत तर महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रकही नंबराप्रमाणे बोली लावून घेतात. वरचे चांगल्या फेऱ्या उचलतात, तळाचे स्टँडबाय धरून फोनची वाट बघतात. आपल्याकडे रोस्टरच्या बोलीला तेवढा जोर नाही, पण कॅप्टन होण्याची रांग आहेच.

आणि हा नंबर दुसरीकडे नेता येत नाही. दहा वर्षांनी कंपनी बदलली तर उड्डाणाचे तास सोबत येतात, नंबर मात्र शेवटचा. म्हणून एक बॅच चुकली तर नुकसान महिन्याभराच्या पगाराचं नसतं. पुढे गेलेली ती बॅच निवृत्तीपर्यंत पुढेच राहते. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत नंबर वयाने लागतो की ट्रेनिंगच्या गुणांनी, हेही त्याला विचारायला सांगा.

आता 'तीन वर्षांत कॅप्टन' म्हणणाऱ्या छोट्या कंपनीबद्दल. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, उड्डाणाचे १५०० तास लागतात. नियमाने वर्षाला १००० तासांपर्यंत उडता येतं, प्रत्यक्षात सात-आठशे धरा. तो आज दोनशे तासांवर आहे, म्हणजे तास तीन वर्षांत सहज होतील. अडतं ते विमानांवर. एका नॅरोबॉडी, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या विमानामागे साधारण पाच-सहा कॅप्टन आणि तितकेच को-पायलट लागतात. दहा नवी विमानं आली तर पन्नास-साठ कॅप्टनच्या जागा, त्यात ६५ वर्षं पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या जागा मिळवा, आणि कंपनी बाहेरून थेट कॅप्टन भरत असेल तर तेवढ्या वजा करा. उरतील त्या यादीतल्या को-पायलटांच्या. ऑर्डर दिलेली विमानं नाही, ताब्यात आलेली मोजायची. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवली तेव्हा तिची जवळपास निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर उभी होती. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि वीस-वीस वर्षांची सीनिऑरिटी एका रात्रीत कागदापुरती राहिली.

कंपनी टिकली, पण दुसरीत विलीन झाली, तरी यादी हलते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. २०१२ मध्ये ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग कोणत्या गटाला द्यायचं यावरून वैमानिकांचा संप झाला, तो अठ्ठावन्न दिवस चालला. दोन कंपन्यांच्या याद्या एकात एक कशा ओवायच्या याला सगळ्यांना पटेल असं सूत्र नसतंच.

एवढं असूनही, नंबर चांगला पण कंपनीचं वळण वाईट, अशा ठिकाणी त्याने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. वळण म्हणजे मुलाखतीतलं हसू किंवा युनिफॉर्म नव्हे. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, १५८ माणसं गेली. उतरताना विमान प्रमाणाबाहेर उंचावर होतं. को-पायलटने गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊ, असं तीनदा म्हटल्याचं चौकशीत आलं. कॅप्टनने उतरणं थांबवलं नाही. तेव्हा पहिला प्रश्न हाच: गो-अराउंड केल्यावर खुलासा मागतात का? 'नुसती नोंद करतो' हे उत्तर ठीक. 'साहेबांना भेटावं लागतं' असेल तर लोक उतरूनच टाकतात. दुसरा: कॅप्टनने जास्तीचं इंधन घेतलं तर कोणी विचारतं का? तिसरा: थकलोय म्हणून ड्युटी नाकारली तर ती आजारपणाच्या रजेत टाकतात का? ही उत्तरं एचआरकडून मिळणार नाहीत. वर्ष-दीड वर्ष उडत असलेल्या एखाद्या को-पायलटकडून मिळतील. त्याचं मागच्या तीन महिन्यांचं, प्रत्यक्ष उडालेलं रोस्टर मागून घ्या, छापलेलं नको. छापील आणि उडालेलं यांत किती खाडाखोड आहे, यातच निम्मी कंपनी कळते. जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती छत्तीसची अठ्ठेचाळीस तास झाली आहे. ती खरीच मिळते का, आणि घेतलेली रजाच तिच्यात धरतात का, हे त्याच कागदावर दिसेल.

बेसचं तुम्हाला ठाण्यात बसून जास्त कळेल. ड्युटी रिपोर्टिंगपासून मोजतात, घरून निघाल्यापासून नाही. पहाटे पाचला रिपोर्टिंग असेल तर घोडबंदर रोडवरून गाडीत बसून गेलेला वेळ ड्युटीत धरला जात नाही. कंपनीची गाडी ठाण्यापर्यंत येते का, हे लेखी हवं. नवी मुंबई विमानतळाचा बेस मिळाला तर ठाणे-बेलापूर रस्ता, ते त्यातल्या त्यात बरं. दिल्ली मिळाली तर सुट्टीतला एक दिवस जाण्यायेण्यातच जाईल, तेही विमानात जागा उरली तर.

आणि भाऊजी, तुमचा भाग. टाइप रेटिंगच्या, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याच्या ट्रेनिंगच्या बाँडवर (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) जामीनदार म्हणून तुमची सही लागणार. सही करण्याआधी बघा: मुदत रुजू झाल्यापासून मोजतात की ट्रेनिंग संपून लाइन रिलीज, म्हणजे नेहमीच्या फेऱ्यांवर उडायची मोकळीक, मिळाल्यापासून? दोन्हींत सहा-आठ महिन्यांचा फरक पडू शकतो. रक्कम दर महिन्याला घटते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण? कंपनीनेच काढलं तर बाँड सुटतो का? शिवाय २०१७ च्या डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाप्रमाणे नोकरी सोडायची नोटीस को-पायलटला सहा महिन्यांची, कॅप्टनला वर्षाची. ती बाँडच्या आत की बाँडनंतर? कोरे चेक मागितले तर त्यावर रक्कम लिहून द्या, किंवा देऊ नका. मूळ मार्कशीट आणि लायसन्स कोणाच्याही कपाटात ठेवायचं नाही.

सध्या तरी माझा कल मोठ्या कंपनीकडे आहे, चार महिने थांबावं लागलं तरी. पण छोट्या कंपनीच्या बाँडचं पान सात तुम्ही पाठवलेल्या फोटोत कापलं गेलंय. ते नीट काढून पाठवा, मग बोलू.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमचा,
धाकटा