मंजूची गाठ सापडली

प्रिय बाळ्या,

तब्येती ठीक. आईचे गुडघे तेच, माझी शुगर काठावर. आता मुद्दा. मंजूच्या पायात गाठ निघाली आणि मी स्कॅन सेंटरमधून निघालो तो थेट पेढे घ्यायला. घरात सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तुला लिहितोय.

नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर आपल्या पुढे पळणारी ती बाई. (वाट तूच चुकवली होतीस, नकाशा माझ्याकडे होता असं कितीही सांगत फीर.) तिला हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता येईना. बरगड्यांना, खुब्याला बारीक तडे. कुणी संधिवात म्हणालं, कुणी डी जीवनसत्त्वाची पाकिटं दिली, एकानं तर 'मनाला लावून घेतात' म्हणून झोपेची गोळी लिहिली. कॅल्शियम नॉर्मल, त्यामुळे फॉस्फरस कुणी बघितलाच नाही. तो कमी पडला की हाडं मऊ पडतात म्हणे. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी तपासला: 1.3. निदान 2.5 तरी हवा. आणि लघवीतून मात्र भरभरून चाललेला.

आपली हाडं म्हणे एफजीएफ-23 नावाचा हार्मोन बनवतात. तो वाढला की मूत्रपिंडं फॉस्फेट (म्हणजे तोच फॉस्फरस) धरून ठेवत नाहीत, वर डी जीवनसत्त्वाचं कामाचं रूपही तयार होऊ देत नाहीत. म्हणजे ती सगळी पाकिटं पाण्यात. हे जन्मजातही असतं, पण मंजू चाळिशीपर्यंत ठणठणीत, आणि घरात कुणाचे पाय वाकडे नाहीत. (तुझे आहेत, पण तू घरातला नाहीस.) मग अंगात कुठेतरी दडलेली छोटी गाठ हा हार्मोन ओतत असण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पुरती निघाली की माणूस बरा. नाही सापडली तर दिवसातून चार-पाचदा फॉस्फेटचं पाणी प्या, पोट बिघडवून घ्या, सोबत कॅल्सिट्रायॉल (डी जीवनसत्त्वाचं तेच कामाचं रूप, तयार), आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचत नाही ना यावर लक्ष ठेवा. बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन थेट त्या हार्मोनलाच अडवतं. किंमत ऐकून मी विषय बदलला.

लोक गाठ नसू दे म्हणून देवाला साकडं घालतात, मी असू दे म्हणून घालत होतो. पहिल्या गॅलियम डोटाटेट स्कॅनमध्ये (अशा गाठी त्यात चमकून दिसतात) काहीच नाही. बाईंनी फिल्म बघून विचारलं, "पाय कुठायत?" नेहमीसारखा मांडीपर्यंतच काढला होता! पुन्हा डोक्यापासून नखापर्यंत केला, तेव्हा डाव्या तळव्यात चमकली, वाटाण्याएवढी. मंजू म्हणते, "मी कुरूप समजून दगडानं घासत होते."

पेढे संपले, आता धास्ती. सर्जन म्हणतात, भोवतालचा चांगला भागही काढावा लागेल, जरा राहिली तर परत उगवते. पण तळवा आहे रे. किती काढणार, चालताना काय होणार? फॉस्फेट म्हणे काही दिवसांतच वर येतं, हाडं भरायला महिने लागतात. मंजू निवांत आहे, मलाच झोप नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिऊची बारावी ना यंदा? ऑपरेशन मंगळवारी आहे. फोन नको, आईसमोर बोलता येत नाही. सोमवारीच ये. प्लॉटचं भांडण नंतर करू, कागद माझ्याकडेच आहेत.

तुझा,
नाना